पदामागचे घर

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आताच्या धाराशिव येथे, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १० ते १२ जानेवारी असे तीन दिवस चाललेल्या या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एका कॅथॉलिक धर्मगुरूने मराठी सारस्वतांच्या या आसनावर बसण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या निवडीला झालेला विरोध, त्यांची मराठीवरील निष्ठा, ‘सुबोध बायबल’साठी त्यांनी घेतलेले कष्ट, यांविषयी त्या काळात पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो प्रभूघरी गेले. आज त्या संमेलनाची आठवण काढताना एका अगदी साध्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या अध्यक्षांच्या मागे संसार नव्हता.

ही गोष्ट सांगण्याजोगी आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते आहे. आपल्याकडील सभा-संमेलनांची एक ठरलेली रीत आहे. अध्यक्षांना शाल-श्रीफळ दिले जाते. मग निवेदक ‘वहिनीसाहेबांना’ व्यासपीठावर येण्याची विनंती करतो. त्यांची ओटी भरली जाते, आणि ‘साहेबांच्या यशात वहिनींचा फार मोठा वाटा आहे’ हे वाक्य उच्चारले जाते. टाळ्या पडतात. वहिनी हात जोडतात व खाली उतरून पहिल्या रांगेत आपल्या जागी बसतात. त्यांचा वाटा नेमका कोणता, तो त्यांनी राजीखुशीने दिला की द्यावा लागला, हे त्यांना कोणी विचारीत नाही, आणि ध्वनिक्षेपक काही त्यांच्या हाती येत नाही. धाराशिवच्या अध्यक्षांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवला नाही. म्हणूनच तो इतर सर्व अध्यक्षांच्या बाबतीत विचारावासा वाटतो. पद एकाचे असते. त्याचे ओझे घराला किती वाहावे लागते? आणि त्या घराची साक्ष आपल्या साहित्याने कितपत नोंदविली आहे?

प्रस्तुत लेखात ‘अध्यक्ष’ हा शब्द आम्ही जरा ऐसपैस अर्थाने घेत आहोत. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांपासून प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींपर्यंत सर्व जण त्यात आले. पदांची उंची भिन्न असली तरी घराचा प्रश्न एकच आहे.

धाराशिवच्या संमेलनस्थळाला संत गोरोबाकाकांचे नाव देण्यात आले होते. गोरोबाकाका याच जिल्ह्यातील तेर गावचे. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून ‘काका’. मडके कच्चे की पक्के हे ज्या थापटण्याने पाहावयाचे, तेच थापटणे संतांच्या डोक्यांवर मारून त्यांनी त्यांची पारख केली आणि प्रत्यक्ष नामदेवांना ‘कच्चे’ ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. म्हणजे संतांच्या त्या संमेलनाचे अध्यक्षपद एका परीने तेरच्या या कुंभाराकडेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु याच गोरोबाकाकांच्या घराची कथाही परंपरेने जपून ठेवली आहे, आणि अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तविजया’त ती विस्ताराने सांगितली आहे. पत्नी पाण्याला गेली आहे. गोरोबा विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवीत आहेत. रांगते मूल पायांखाली येते आणि चिखलात मिसळून जाते. बापाला भान नाही. परतलेली आई आकांत करते. संतापलेल्या पतीने तिच्यावर हात उगारताच ती त्याला विठोबाची आण घालते : मला स्पर्श करावयाचा नाही. ती आण गोरोबा पाळतात. वंश खुंटेल म्हणून ती आपल्याच धाकट्या बहिणीशी त्यांचे लग्न लावून देते, तर सासऱ्याने ‘दोघींना सारखे वागवा’ म्हटले या शब्दाखातर गोरोबा दुसरीलाही दूर ठेवतात. पुढे शपथ मोडली म्हणून ते स्वतःचे हात तोडतात, आणि अखेर पंढरीत कीर्तनाच्या रंगात हातही परत येतात व मूलही.

या कथेकडे भक्तीच्या दृष्टीने पाहण्याचा वारकरी परंपरेचा अधिकार आम्हाला मान्य आहे, आणि त्या श्रद्धेविषयी आमच्या मनात आदर आहे. आमचे म्हणणे फक्त साहित्याच्या दृष्टीने आहे. या कथेत आधी आण घालणारी, नंतर सवत आणणारी आणि अखेर चमत्काराची वाट पाहणारी जी स्त्री आहे, तिचे नाव परंपरेने ‘संती’ असे सांगितले जाते. कथेतील प्रत्येक वळण तिच्या दुःखातून निघाले आहे. तरीही कथा तिची होत नाही. मूल परत मिळाले, आता तिचा प्रश्न मिटला, असे गृहीत धरून कथा गोरोबांच्या थोरवीकडे वळते. ज्या दिवसांत मूल नव्हते आणि पतीचा स्पर्शही नव्हता, त्या दिवसांत तेरच्या त्या घरात चूल कशी पेटत होती, हे सांगणारे कोणी नाही. मोठेपणाची जी किंमत घर मोजते तिचा जमाखर्च चमत्काराने पूर्ण होत नाही. तो ज्याने मोजला त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो.

असा जमाखर्च मराठीत प्रथम ठळकपणे मांडला तो रमाबाई रानडे यांनी. योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या संमेलनपरंपरेतील ९३ वे संमेलन धाराशिवला झाले, तिचा आरंभ मानल्या जाणाऱ्या १८७८ च्या पुण्यातील ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेच होते. म्हणजे मराठी साहित्याच्या पहिल्या अध्यक्षांच्या पत्नीनेच अध्यक्षांच्या घराचा पहिला मोठा वृत्तान्त लिहिला. ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

न्यायमूर्ती बाहेर स्त्रीशिक्षणाचे कैवारी. घरी त्यांनी अकरा वर्षांच्या पत्नीला स्वतः शिकविण्यास आरंभ केला, हे त्यांच्या बोलण्याला आणि वागण्याला मेळ असल्याचे लक्षण. परंतु या सुधारणेचा जाच भोगावा लागला तो रमाबाईंना. पतीची सभा संपली की विरोधक पांगत. रमाबाईंचे विरोधक त्यांच्याच माजघरात बसलेले असत. त्या शिकतात म्हणून घरातील वडील बायकांनी बोलणी बोलावीत, सभेत इंग्रजीतून वाचले म्हणून टोमणे मारावेत, आणि पतीने सांगावे की, सर्व सोसावे, उलट उत्तर देऊ नये. सार्वजनिक लढ्याची एक आघाडी स्वयंपाकघरात होती आणि तेथे शिपाई एकच होता, हे या पुस्तकावाचून आपल्याला कळले नसते.

पुस्तकाची मर्यादाही स्पष्ट आहे. रमाबाई पतीचा नावाने उल्लेख करीत नाहीत. तो काळच तसा होता. दुखावल्याची नोंद त्या प्रामाणिकपणे करतात, पण पुढच्याच वाक्यात पतीच्या थोरवीने ती झाकून टाकतात. जेवताना आंब्याच्या एक-दोन फोडी खाऊन न्यायमूर्ती हात आखडता घेतात, कारण त्यांना जिभेला वळण लावावयाचे आहे. आंबा कौतुकाने चिरून देणाऱ्या पत्नीला त्या संयमापुढे काय वाटले, हे वाचकाने ओळींच्या मधून वाचावे लागते. शीर्षकात ‘आमच्या’ आहे. त्या ‘आमच्या’त ‘माझ्या’ किती, हा या पुस्तकाच्या प्रत्येक जाणत्या वाचकाला पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कदाचित पुस्तकाबाहेर आहे. पुण्याच्या सेवासदनात हजारो स्त्रियांना उभे करणाऱ्या रमाबाईंनी तो ‘मी’ शब्दांत मांडला नाही, कामात मांडला.

पंचवीस वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि मराठी गद्यात एक नवाच आवाज आला. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आमच्या पंथाचे नसले तरी मराठी ख्रिस्ती समाजाला त्यांचे ऋण सारखेच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची आधी कल्पना दिली नव्हती. पुढील काही वर्षे पती एकीकडे, पत्नी दुसरीकडे. नातलगांच्या दारी दिवस काढणे आणि लोकांची कीव सोसणे तिच्या वाट्याला आले. टिळकांच्या चरित्रकाराला ते धर्मांतर हा एक तेजस्वी क्षण वाटेल. ‘स्मृतिचित्रे’ त्याच क्षणाची दुसरी बाजू दाखविते : एका बाईचे घर त्या दिवशी पायाखालून सरकले.

परंतु लक्ष्मीबाई तक्रार घेऊन आलेल्या नाहीत. येथेच त्यांचे मोठेपण आहे. त्यांच्या हाती हसणे होते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, दारी आलेला रिकाम्या हाताने जात नसे, अनाथ मुले घरात येत आणि घरचीच होत. कवीच्या औदार्याचे लोकांना कौतुक वाटे; त्या औदार्याला लागणारे पीठ-मीठ कोठून यावयाचे, याची चिंता लक्ष्मीबाईंना. त्या भांडत, आणि ती भांडणे त्यांनी जशीच्या तशी लिहून ठेवली. त्यात त्या स्वतःलाही सोडीत नाहीत; आपला हट्ट, आपले अज्ञान, आपली सोवळ्याची भीती यांवर त्या सर्वांत आधी हसतात. स्वतः हळूहळू, आपल्या पायांनी चालत त्या ख्रिस्ताकडे आल्या. ती वाट टिळकांनी दाखविलेली असली तरी चालणे त्यांचे होते. म्हणूनच या पुस्तकात त्या पतीला ‘टिळक’ म्हणतात : एका मोकळ्या, बरोबरीच्या आदराने, जसा एखादा विद्वान दुसऱ्याचा उल्लेख करतो.

या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारांची नावे पाहण्यासारखी आहेत. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले, त्याच्या नावाचा अर्थ ‘मी मागून येते’ असा होतो. २०१७ साली शांता गोखले यांचे नवे भाषांतर आले. त्याच्या उपशीर्षकात ‘एका तेजस्वी पत्नीच्या आठवणी’ या अर्थाचे शब्द आहेत. दोन्ही भाषांतरांमागील परिश्रमांविषयी आम्हाला आदर आहे. परंतु दोन्ही नावांनी लेखिकेला पतीच्या नात्यानेच ओळखले : एकदा मागून चालणारी म्हणून, एकदा पत्नी म्हणून. लक्ष्मीबाईंनी स्वतः तसे केले नव्हते. त्यांनी पुस्तकाला ‘स्मृतिचित्रे’ म्हटले. कोणाची पत्नी, कोणाच्या मागे, यातले काहीही मुखपृष्ठावर घातले नाही. १९१९ साली टिळक गेले. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, आणि १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या स्वतः अध्यक्ष झाल्या. पहिल्या रांगेत बसणारी ‘वहिनी’ व्यासपीठावरील मधल्या खुर्चीत गेली.

मराठी साहित्य संमेलनाच्या मुख्य व्यासपीठावर स्त्री अध्यक्ष म्हणून येण्यास याहून अधिक काळ लागला. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. पहिल्या ग्रंथकार संमेलनाला तेव्हा त्र्याऐंशी वर्षे उलटली होती. तीनच वर्षांपूर्वी, १९५८ साली मालवणला, त्यांचे पती कवी अनिल हे अध्यक्ष होते. ज्या घरात दोघेही अध्यक्ष झाले असे हे घर. त्यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात पद नाही, व्यासपीठ नाही. दोन सारख्या बुद्धीची माणसे एकमेकांना जोखीत, समजावीत, वाट पाहत आहेत. पुढे दोघांच्याही वाट्याला खुर्ची आली तेव्हा ती कोणाच्या डोक्यावर बसली नाही, याचे कारण या पत्रांतून उमगते. घराची घडी पदाच्या आधी बसलेली असली म्हणजे पद घरात पाहुण्यासारखे राहते.

यानंतरचे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे सुनीताबाई देशपांडे यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले ‘आहे मनोहर तरी’. पु. ल. देशपांडे हे १९७४ च्या इचलकरंजी संमेलनाचे अध्यक्ष; पण त्यांना कोणत्याही पदाची गरज नव्हती. अवघा महाराष्ट्र त्यांना आपल्या घरातील माणूस मानीत होता. अडचण नेमकी तीच होती. ज्या माणसाला लाखो घरांनी आपले मानले, त्याच्या स्वतःच्या घरात काय चालते हे त्या लाखो घरांना ऐकावयाचे नव्हते. सुनीताबाईंनी ते सांगितले. वेळा पाळणे, हिशेब ठेवणे, हस्तलिखिते व हक्क सांभाळणे, नको त्या माणसांना दारातच थांबविणे, ही सर्व कठोर कामे त्यांच्याकडे, आणि आनंद वाटण्याचे काम पु. लं.कडे. लोकांनी एकाला गोड म्हटले व दुसरीला कडक. गोडवा कशाच्या आधाराने टिकला याचा शोध घेण्याची तसदी कोणी घेतली नाही.

पुस्तक येताच काही वाचक दुखावले गेले. घरातील गोष्टी चव्हाट्यावर का आणाव्यात, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. विवाह हा ज्यांना संस्कार वाटतो, त्यांना घराच्या उंबरठ्याची चाड असलीच पाहिजे. परंतु साक्ष देणे आणि उखाळ्यापाखाळ्या काढणे यांत फरक आहे, आणि तो ओळखण्याची खूण सोपी आहे. उखाळ्यापाखाळ्या काढणारा स्वतःला वगळून बोलतो. सुनीताबाई स्वतःला वगळीत नाहीत. पतीला ज्या तराजूत तोलतात त्याच तराजूत त्या आपला ताठा, आपला अट्टहास, आपले एकटेपण टाकतात. पुस्तकात कधी कधी हा तराजू इतका निष्ठुर होतो की, वाचकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. लक्ष्मीबाईंच्या हसण्याची तेथे आठवण येते. तरीही ‘भाई’ म्हणून ज्याला हाक मारावी त्याच्याविषयी इतके खरे बोलणे, ही प्रेमाचीच एक अवघड रीत आहे असे आम्हाला वाटते.

पतीचे नाव न घेणाऱ्या रमाबाई, ‘टिळक’ म्हणणाऱ्या लक्ष्मीबाई, ‘भाई’ म्हणणाऱ्या सुनीताबाई. ऐंशी वर्षांत हाक बदलली, आणि हाकेबरोबर हाक मारणारीही बदलली.

आता सर्वोच्च पदाकडे येऊ. भारताच्या राज्यघटनेने राष्ट्रपतींची निवड, शपथ, अधिकार, महाभियोग या सर्वांची तरतूद केली आहे. त्यांच्या पत्नीला वा पतीला मात्र घटनेने कोणतेही काम नेमून दिलेले नाही. राष्ट्रपतींच्या निवृत्तिवेतनाविषयी १९५१ चा जो कायदा आहे, त्यात मागे राहिलेल्या जोडीदाराच्या निवृत्तिवेतनाची सोय आहे, इतकेच. खरे पाहता हे पद जोडीदारावाचूनही नीट चालते. डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले तेव्हा विधुर होते, डॉ. अब्दुल कलाम अविवाहित होते, आणि २०२२ साली शपथ घेतलेल्या द्रौपदी मुर्मू यांच्या पतीचे निधन त्याआधीच झाले होते. तरीही जोडीदार असला की राजशिष्टाचार त्याच्यासाठी खुर्ची मांडतो. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांच्या स्वागताला उभे राहावयाचे, मेजवानीत बसावयाचे, छायाचित्रात दिसावयाचे. बोलावयाचे मात्र नाही.

या मौनाच्या आडही आयुष्य असते. के. आर. नारायणन यांच्या पत्नी उषा या मूळच्या ब्रह्मदेशातील. जन्मनाव तिंत तिंत. नारायणन परराष्ट्र सेवेत असल्याने विदेशी स्त्रीशी विवाह करण्यास विशेष अनुमती घ्यावी लागली. देश बदलला, नाव बदलले. परंतु भाषा त्यांनी सोडली नाही. ब्रह्मी कथांची त्यांनी इंग्रजीत भाषांतरे केली. राष्ट्रपती भवनातील समारंभांची छायाचित्रे कालांतराने एकसारखी दिसू लागतात. ती भाषांतरे मात्र त्यांचीच, दुसऱ्या कोणाची नव्हेत.

महाराष्ट्राला हा प्रश्न सर्वांत जवळून दिसला तो २००७ साली. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. या पदावरील त्या पहिल्या महिला. भाषेचीच पंचाईत झाली. महिलेला ‘राष्ट्रपती’ म्हणावे काय, यावर वाद झडले. ‘पती’ म्हणजे येथे स्वामी, पालक. तो शब्द नवरा या अर्थाने घेण्याचे कारण नव्हते. पण ‘राष्ट्रपतींचे पती’ असे म्हणताच लोक हसू लागले, आणि ते हसू ज्यांच्या वाट्याला आले ते गृहस्थ म्हणजे डॉ. देवीसिंह शेखावत.

शेखावत हे स्वतः सामान्य नव्हते. रसायनशास्त्रातील डॉक्टरेट, शिक्षणसंस्थेचे काम, अमरावतीचे महापौरपद, १९८५ ते १९९० विधानसभेचे सदस्यत्व, असा त्यांचा स्वतंत्र आलेख आहे. १९६५ साली त्यांचा विवाह झाला तेव्हा प्रतिभाताई आमदार होत्याच. त्यांनी माहेरचे आडनाव पुढेही चालविले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पत्नीवर टीका झाली तेव्हा पतीचेही नाव त्यात ओढले गेले. पुढची पाच वर्षे त्यांनी पत्नीच्या एक पाऊल मागे उभे राहून काढली. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

इंग्रजीत अशा गृहस्थांना ज्या नावाने संबोधतात त्याचे शब्दशः मराठी केले तर ‘प्रथम पुरुष’ असे होईल. आता गंमत पाहावी. आपल्या व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे बोलणारा, म्हणजे ‘मी’. आणि या पदामागील प्रथम पुरुषाला, अथवा त्याच्या आधीच्या सर्व प्रथम महिलांना, जाहीरपणे ‘मी’ म्हणण्याची सोय नव्हती. त्या नेहमी तृतीय पुरुषातच राहिल्या : ‘राष्ट्रपतींच्या पत्नीही या वेळी उपस्थित होत्या.’

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. मागे राहणारी स्त्री आपल्याला इतकी सरावाची आहे की ती आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. मागे राहणारा पुरुष दिसला की लगेच हसू येते. आणि गावपातळीवर तर पुरुष मागे राहतच नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या, आणि मराठीला ‘सरपंचपती’ हा शब्द मिळाला. सही बाईची, शिक्का बाईचा, आणि खुर्चीत बसलेले तिचे यजमान. मराठवाड्यातील असो वा कोकणातील, हा शब्द कोणत्याही ग्रामस्थाला समजावून सांगावा लागत नाही. ‘सरपंचपत्नी’ या शब्दाने मात्र आजवर कोणाचे लक्ष वेधले नाही, कारण सरपंचाच्या पत्नीने कधी ग्रामपंचायत चालविल्याचे आपण ऐकले नाही. पदामागे कसे उभे राहावे हे शिकण्याची पाळी आता पुरुषांवरही आली आहे, आणि त्यासाठी त्यांना मराठीत पुस्तके हवी असतील तर ती रमाबाई, लक्ष्मीबाई व सुनीताबाईंचीच वाचावी लागतील.

अध्यक्षाच्या घरून आलेला शब्द किती मोलाचा असू शकतो, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांना सांगावयास नको. पिलात न्यायासनावर बसला असता त्याच्या पत्नीने त्याला निरोप पाठविला, असे संत मत्तयने नोंदविले आहे. त्या नीतिमान पुरुषाच्या वाटेस जाऊ नका, त्याच्यापायी मला स्वप्नात फार यातना झाल्या, असा त्या निरोपाचा आशय. राज्यपालाच्या त्या साऱ्या वाड्यातून त्या दिवशी आलेला खरा सल्ला तेवढाच होता, आणि तो माजघरातून आला होता. पिलाताने पाणी मागवून हात धुतले. निरोप ऐकला नाही. मत्तयने तिचे नाव दिलेले नाही. पण ते एक वाक्य त्याने वगळले नाही, यात त्याची लेखक म्हणून केवढी सूक्ष्म दृष्टी दिसते! पदावरील माणसाचा इतिहास लिहिताना घरून आलेला निरोपही लिहून ठेवावा, हा धडा त्याने सर्व चरित्रकारांना घालून दिला आहे.

आपले चरित्रकार तो क्वचितच पाळतात. कर्त्या पुरुषाच्या साठीला गौरवग्रंथ निघतो. त्यात मान्यवरांचे वीस लेख असतात, आणि शेवटी ‘आमचे हे’ या धर्तीचा दीड पानांचा मजकूर असतो. तो बहुधा दुसऱ्याच कोणीतरी लिहून दिलेला असतो व त्यात एकही अडचणीचे वाक्य नसते. समीक्षेनेही अशा लेखनाला ‘पूरक साहित्य’ म्हणून बाजूला ठेवले. आमच्या मते हा न्याय नव्हे. रानड्यांची भाषणे आज अभ्यासक वाचतात. रमाबाईंच्या आठवणी घरोघर वाचल्या जातात. टिळकांच्या कवितेवर आमचे प्रेम आहे. पण मराठी गद्याच्या इतिहासात ‘स्मृतिचित्रे’ची जागा त्या कवितेच्या सावलीत नाही. ज्याला आपण तळटीप समजलो तो पुष्कळदा मूळ ग्रंथ निघाला.

मौन पाळण्याचाही अधिकार असतो, हे आम्ही विसरत नाही. प्रत्येकाने लिहावेच असा आग्रह धरणे हाही एक जुलूमच. परंतु आपणहून पाळलेले मौन वेगळे आणि कोणी विचारलेच नाही म्हणून आलेले मौन वेगळे. पहिल्याचा मान राखावा. दुसऱ्याबद्दल आपण सर्वांनीच विचार करावा. आपल्या धर्मग्रामांतही पदे आहेत : पतपेढीचे अध्यक्ष, धर्मग्राम मंडळाचे पदाधिकारी, संस्थांचे चिटणीस. त्यांच्या संध्याकाळी सभांत जातात. त्या संध्याकाळी घरी मुलांचा अभ्यास कोणी घेतला, म्हाताऱ्या आईला औषध कोणी दिले, हे कोणत्याही वार्षिक अहवालात छापून येत नाही. ते अहवालात यावे असे आमचे म्हणणे नाही. ते कोणीतरी, कोठेतरी, चांगल्या मराठीत लिहावे एवढीच आमची अपेक्षा आहे.

फादर दिब्रिटो यांच्या आत्मकथनाचे नाव ‘नाही मी एकला’ असे आहे. ज्याने संसार केला नाही, त्या अध्यक्षाने आपल्या आयुष्याच्या पुस्तकावर हे तीन शब्द लिहावेत, याचे मोल आम्हाला फार वाटते. आपण एकटे नव्हतो, हे त्यांनी मुखपृष्ठावरच कबूल केले. ज्यांच्या घरात त्यांच्यासाठी रोज कोणीतरी दिवा लावून वाट पाहत होते, अशा किती अध्यक्षांनी ते तितक्या ठळक अक्षरांत लिहिले आहे?